दानम्माच्या गाठीतला थेंब

मार्गशीर्षात दानम्माच्या उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ आली. साल त्रेपन्न. सर्जनसाहेबांनी ती दोन बोटांनी चाचपली, कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि स्तन काढायला पुढच्या सोमवारची तारीख दिली.

दानम्मा रडली नाही. तिनं वर्षाचं तिखट कुटून घेतलं आणि नेसरीच्या काकांना पत्र घातलं: ‘मी काय वाचत न्हाय. माझ्या मागं तुमची नीलव्वा ह्यांना द्या. पोरांना तिची सवय हाय.’ पत्र नवऱ्यानंच, शिवमूर्तीनं, वाचून टपालपेटीत टाकलं. चौथ्या दिवशी काकांचा होकार आला. इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

शनिवारी धाकट्याला खोकला झाला म्हणून ती राजारामपुरीत डॉक्टर कालिंदीबाईंकडे गेली. बोलता बोलता सोमवारचं सांगितलं. बाईंनी गाठ पाहिली.

“आत पाणी आहे का बघते,” म्हणाल्या आणि सुई घातली. एक थेंब आला. तो काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिल्या.

“कोकणात राहिलाय कधी?”

“चार वर्सं. ह्यांचं रत्नागिरीत गुळाचं दुकान हुतं.”

“हत्तीपायाचे जंत आहेत. डास चावून आलेत.”

“पाय तर चांगला हाय की माझा.”

“पायातच जायचं, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.”

“माझ्या अंगातलं हाय, मलाबी बघू द्या.”

तिनं डोळा लावला. केसाहून बारीक असं काहीतरी वळवळत होतं.

“जित्तं हाय!”

“हो.”

ती तिथून डोळा काढेचना. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि बाहेर पायरीवर वाट बघणाऱ्या शिवमूर्तीला सांगितलं, “कॅन्सर दिसत नाही. जंत आहेत.”

“किती?” त्यानं विचारलं.

काच सर्जनसाहेबांनीही पाहिली. “सुई घालून बघायचं आम्हाला सुचलं नाही,” म्हणाले आणि सोमवार रद्द केला.

गोळ्या तीन आठवडे चालल्या. दुसऱ्याच दिवशी सडकून ताप भरला. जंत मरताना असं होतं, बाई म्हणाल्या. काकांना ‘वाचले’ एवढंच कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. वैशाखात नीलव्वाचं लग्न गडहिंग्लजला झालं. दानम्मा चार दिवस आधी जाऊन राबली. काकी तिच्याशी बोलली नाही. नीलव्वा मात्र तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. तिला शिवमूर्ती नकोच होता.

परतल्यावर दानम्मा तपासून घ्यायला गेली. बाईंनी सगळीकडे दाबून पाहिलं.

“गाठ नक्की कुठं होती?”

“हितं,” दानम्मा म्हणाली. मग बोट सरकवलं. “न्हाय, हितं असंल.”