मुंडकं आणि शेपटी

"तुझे व्याही कधी येऊन गेले रे? मला तर दिसले नाहीत," मालकानं विचारलं.

"फोनवर सांगितलं त्यांनी," बाकहिंग म्हणाला आणि काचेआड टांगलेल्या बदकांकडे उगाचच बघत राहिला. "अख्खं डुक्कर हवंय, चांगलं लाल भाजलेलं. उद्या सकाळी माझ्या घरी पोचवायचं."

"ते राहणार शहराच्या दुसऱ्या टोकाला, डुक्कर आपल्या दुकानातलं आणि पोचवायचंही तुझ्याच घरी. सोयीचे व्याही मिळाले बुवा तुला." मालक हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतल्या या दुकानात यी बाकहिंगची निम्मी हयात भाजलेलं मांस तोडण्यात गेली होती. दक्षिण चीनमधल्या त्याच्या गावची बरीच माणसं याच दोनचार गल्ल्यांत राहत. येताना कुणी फारसं सामान आणलं नव्हतं, रिवाज तेवढे सगळे आणले होते. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मुलगी माहेरी येते, तेव्हा सासरहून अख्खं भाजलेलं डुक्कर यायला हवं. आलं, म्हणजे पोर धुतल्या तांदळासारखी. नाही आलं, तर लोकांनी काय ते समजायचं.

बाकहिंगच्या मुलीनं, लायक्वाननं, शांघायकडच्या डॉक्टरांचा मुलगा केला होता. त्यांच्यात असलं काही नसतं. आमच्यात असतं, एवढं सांगायला बाकहिंगची जीभ रेटली नाही. सांगून मागवलेल्या डुकराला अर्थ काय, हे एक झालं. खरं कारण वेगळंच होतं. लग्नाआधी एकदा त्यानं लायक्वानच्या खोलीवर भल्या पहाटे फोन केला होता, आणि तो त्या मुलानं उचलला होता. बाकहिंगनं काही न बोलता फोन ठेवून दिला होता.

शिवाय खालच्या मजल्यावर फोंगकाकू राहत होत्या. त्यांच्या मुलीच्या वेळी डुक्कर आलं नव्हतं. तेव्हा ठोकळ्यावर सुरा आपटत गिऱ्हाइकांना हसवणारा बाकहिंगच होता. "फोंगांचं डुक्कर पायी निघालंय वाटतं," असं तो म्हणाला होता. ती मुलगी पुन्हा या गल्लीत फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी डुक्कर लाल कागद लावून जिना चढलं. शेजारपाजार जमला. लेक-जावई आले तेव्हा बाकहिंग बाह्या सावरून तुकडे करत होता.

"बापरे, एवढं मोठं कुणी आणलं?" जावयानं विचारलं.

"अहो, तुमच्याच घरून आलंय की," फोंगकाकू म्हणाल्या.

जावयानं तोंड उघडलं. लायक्वाननं त्याच्या हातावर हात ठेवला. तिनं एकदाच बापाकडे पाहिलं.

"सासूबाईंनी पाठवलंय, काकू. ह्यांना घरातलं काही माहीत नसतं."

सगळे हसले. फोंगकाकूंनी आपला वाटा दोन्ही हातांनी घेतला. "बापाचं नाव राखलंस गं पोरी," त्या म्हणाल्या. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बाकहिंगला सोपं गेलं असतं. पण त्या मनापासून बोलत होत्या. त्याला मान वर करता येईना, इतकी लाज वाटली.

मुंडकं आणि शेपटी मात्र सासरी परत पाठवायची असते. सगळे बघत होते म्हणून बाकहिंगनं ती लाल कागदात बांधली. लायक्वाननं पुडकं नवऱ्याकडे दिलं नाही. स्वतः दोन्ही हातांत धरून ती जिना उतरली, गल्लीतल्या प्रत्येकाला नमस्कार करत गेली. पोचवायला म्हणून बाकहिंग मागून चालला.

भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी ती थांबली. जावई समजून चार पायऱ्या खाली गेला.

"लोकांसाठी केलंत, ते कळलं मला," लायक्वान म्हणाली. "पण तुमच्या मनात काय होतं, बाबा? सासरहून डुक्कर यावं, अशी होते का मी?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो. बाकहिंगला तो फोन आठवला, आणि तेवढ्यात हो म्हणायची वेळ निघून गेली.

"अगं, तसं नाही..." तो म्हणाला.

"राहू द्या." तिनं पुडकं त्याच्या हातात दिलं. "ज्यानं पाठवलं त्याच्याकडे परत जायचं असतं ना हे? मग हे तुमचंच."

ती उतरून गेली. मागं वळून पाहील म्हणून तो थांबला, पण तिनं पाहिलं नाही.

घरी जायचं तर त्याच गल्लीतून जावं लागणार होतं, आणि पुडकं सासरी निघालेलं गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकहिंगनं ते कोटाच्या आत घालून पाहिलं. मुंडकं काही मावेना. कागदातून चरबी झिरपून त्याच्या सणाच्या सदऱ्याला लागली. मग ते तसंच पोटाशी धरून तो कठड्याला टेकून उभा राहिला, गल्लीतली दुकानं बंद व्हायची वाट बघत.