उताऱ्यातली माणसं

पेई वन्शिन आमच्या गावात उतरली त्या दिवशी पिवळ्या धुळीचं वादळ सुटलं होतं. बसमधून बाहेर पडून शाळेच्या फाटकापर्यंत येईतो तिचे केस, कोट, बूट, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. पंचविशीची, बारीक अंगाची मुलगी. लान्चो शहरातल्या विद्यापीठात शिकत होती आणि प्रबंधासाठी तिला आमची अकरावीची मुलं हवी होती.

मुख्याध्यापक यान सरांनी ती माझ्या गळ्यात घातली. "कोऊबाई, इंग्रजी तुमचं, आणि तुमच्या खोलीत एक खाटही रिकामी आहे. तेव्हा पाहुणी तुमची."

तिला काय हवंय ते मला पहिल्यांदा नीटसं कळलंच नाही. मुलांना एकेकटं बोलवायचं, समोर इंग्रजी उतारा ठेवायचा, आणि वाचताना मनात जे जे येईल ते आपल्या भाषेत मोठ्यानं बोलायला लावायचं. ती ते ध्वनिमुद्रित करणार. मग उताऱ्याखालचे चार प्रश्न सोडवायचे.

"अगं, पण त्यापेक्षा सरळ परीक्षा घे की," मी म्हटलं. "आम्ही तर दर आठवड्याला घेतो."

"बाई, परीक्षेत गुण किती पडले ते कळतं. ते कसे पडले ते कळत नाही. मला ते बघायचंय." मग जरा चाचरत म्हणाली, "तीन हुशार, तीन मधली आणि तीन कच्ची मुलं द्याल?"

"हुशार हवी तेवढी नेऊ शकतेस. कच्ची कशाला? आमची अब्रू थेट लान्चोला पोचवणार का?"

पण दिली. कच्च्यांमध्ये पहिलं नाव घातलं तान शियाओहेचं. ही मुलगी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची ती फक्त जांभई द्यायला. एरवी वर्गात जो काही आवाज असे त्यातला निम्मा तिचा. तिच्या आईचं, च्याओ वहिनींचं, मागच्या गल्लीत केस कापायचं दुकान आहे. शियाओहे त्या दुकानातच लहानाची मोठी झाली.

सुरुवात पेईनं हुशार मुलांपासून केली. आमचा पहिला नंबर म्हणजे शू बोयुआन. तो ताठ बसला, उतारा पुढे ओढला आणि म्हणाला, "पहिला परिच्छेद. वेळ, स्थळ, व्यक्ती अधोरेखित करायच्या. दुसरा परिच्छेद. 'पण' या शब्दानंतरचं वाक्य महत्त्वाचं." शेवटपर्यंत तेच. दुसऱ्या मुलीनंही तेच. तिसऱ्यानंही.

संध्याकाळी पेई खाटेवर डोकं धरून बसली. "बाई, मनात येईल ते बोला म्हटलं तर सगळे तुमचा तास म्हणून दाखवतायत हो!"

मला मनातून बरंच वाटलं. म्हणजे पोरं ऐकत होती तर!

तिसऱ्या दिवशी शियाओहे आली. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मनात येईल ते बोल," पेई म्हणाली.

"काहीही?"

"काहीही."

"चुकीचं असलं तरी? बाई ओरडणार नाहीत?"

"बाई नाहीतच असं समज," मी वहीतून मान वर न करता म्हटलं.

उतारा असा होता. इंग्लंडमधली एक प्रौढ बाई, मिसेस गिब्ज, लहानपणी ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक चाळीस वर्षांनी परत द्यायला निघते. गावात थोडी खरेदी आहे असं मुलीला सांगते, निळा ठेवणीतला कोट घालते, दंड भरायला पैसे घेते आणि बसनं जुन्या गावी जाते. तिथल्या ग्रंथपाल बाईनं कधीकाळी या एकट्या पोरीला हिवाळ्यात शेगडीजवळची जागा दिलेली असते. दोघी भेटतात, चहा पितात. संपलं.

शियाओहे एकेक शब्द बोटानं ढकलत वाचू लागली. "मिसेस गिब्ज... पुस्तक... चौदा वर्षं..." (इंग्रजीतल्या फोर्टी आणि फोर्टीन यांत तिची नेहमीच गल्लत होते.) "चौदा वर्षं पुस्तक ठेवलं? काय बाई आहे! बरं... मुलीला म्हणाली, खरेदी आहे. आणि निळा कोट, सगळ्यात चांगला... थांबा थांबा. खोटं बोलतेय ही!"

पेई पुढे सरकली. "कोण?"

"ही गिब्जकाकू! कांदेबटाटे आणायला कोणी ठेवणीतला कोट घालतं का? आईच्या दुकानात येतात ना अशा. 'काही नाही गं, सहज केस धुवायचेत,' म्हणतात, आणि मग दहा वेळा आरशात बघतात. आई मला डोळा मारते. ही कोणालातरी भेटायला चाललीय." तिनं पान जवळ ओढलं. "फाइन... म्हणजे तिची तब्येत छान आहे. चांगलंय. आता बस... आता हा आला! लायब्ररियन!"

"लायब्ररियन कोण?" पेईनं अगदी कोरड्या आवाजात विचारलं.

"मिस्टर लायब्ररियन. तिचा जुना तो." शियाओहे लाजली, पण थांबली नाही. "याच्याचजवळ शेगडीपाशी बसायची ती. मग लग्न दुसरीकडे झालं असणार. घरच्यांनी लावलं असेल. नाहीतर पुस्तक टपालानं नसतं का पाठवलं?"

मी वही तोंडासमोर धरली होती. पेईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं आवाज म्हणून काढला नाही.

मग प्रश्न. पैसे कशाला घेतले? चूक. किती वर्षांनी? चूक. कशानं गेली? बरोबर. आणि चौथा, मिसेस गिब्ज स्वतः का गेली? पर्यायांमध्ये टपालखर्च होता, पुस्तक हरवायची भीती होती, गावातली खरेदी होती आणि कोणाचे तरी आभार मानायचे होते. शियाओहेनं आभार निवडले. "प्रेम असा पर्याय नाहीये, मग त्यातल्या त्यात हा," असंही सांगून टाकलं.

ती गेल्यावर पेईनं बोयुआनचा कागद काढला. तीन बरोबर, चौथा चूक. त्यानं खरेदी निवडली होती. उताऱ्यात तसं लिहिलेलंच होतं ना!

"आता यातलं कोणाला कळलं म्हणायचं?" पेईनं मला विचारलं.

"बोयुआनला शब्द कळले," मी म्हटलं. "हिला बाई कळली. पण चाळीस वर्षांची चौदा करून!"

रविवारी मी पेईला केस कापायला मागच्या गल्लीत नेलं. च्याओ वहिनींनी तिच्या डोक्यात बोटं घालून आधी सुस्कारा टाकला. "मॅडम, हे केस आहेत की खराटा? लान्चोमध्ये आरसे मिळत नाहीत का?" आणि लगेच पुढे, "आमच्या महामायेनं काय दिवे लावले? बोलली का काही?"

शियाओहे मागे टॉवेल वाळत घालत होती. पेईनं तिला विचारलं, "आईला ऐकवू?" तिनं खांदे उडवले. मग यंत्र सुरू झालं.

च्याओ वहिनींची कात्री हवेत थांबली. खुर्चीत डोक्याला रंग लावून बसलेली दुसरी बाईही कान देऊन ऐकू लागली. कोटाची गोष्ट आली तशी ती खो खो हसली आणि म्हणाली, "अगदी खरं आहे!"

"हे मधे मधे जे वाचतेय, ते इंग्रजी आहे?" च्याओ वहिनींनी विचारलं.

"हो."

"घरी तर म्हणते, मला त्यातलं अक्षर कळत नाही." कात्री पुन्हा चालू लागली, पण जरा हळू. "दुकानात बसून बसून बिघडलीय हो ती. गिऱ्हाईक 'काही नाही' म्हणालं की हिची चौकशी सुरू. मी म्हणते, पुस्तकात नाक खुपस, तर पुस्तकात जाऊनही माणसंच शोधते." मग लेकीकडे न बघताच ओरडल्या, "आणि तो टॉवेल पिळ नीट, पाणी गळतंय!"

त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट आंबट-तिखट रश्श्यातल्या शेवयांचे दोन वाडगे आमच्यासमोर ठेवले आणि संपेपर्यंत हलू दिलं नाही.

पेईनं तिच्या प्राध्यापकांना ही सगळी गंमत कळवली होती. त्यांचा फोन आला तेव्हा ती व्हरांड्यात होती. मला तिची बाजू तेवढी ऐकू आली. "हो सर... नाही सर, कल्पनेनं रचते, पण... काढून टाकू? तिच्याऐवजी दुसरी?" ती वळली तर जिन्यात शियाओहे उभी. आमच्यासाठी गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली होती. तो खाली ठेवून निघून गेली.

दुसऱ्या उताऱ्याच्या वेळी ती केस घट्ट बांधून आली आणि बोयुआनसारखी ताठ बसली. उतारा एका शेतकरी बापाचा होता. मुलगा शहरात निघालाय, आणि बाप मुलाच्या गाडीतलं तेल पुन्हा पुन्हा तपासतोय. असा उतारा म्हणजे शियाओहेला मेजवानी. पण ती म्हणाली, "पहिला परिच्छेद. वेळ, स्थळ, व्यक्ती अधोरेखित करायच्या. दुसरा परिच्छेद. 'पण' या शब्दानंतरचं वाक्य महत्त्वाचं."

"शियाओहे, तुला बरं नाहीये का?" पेईनं विचारलं.

"बरी आहे. तिसरा परिच्छेद."

"बाप काय करतोय?"

"ते विचारलेलं नाहीये. तिसरा परिच्छेद." तिनं कागद खाली ठेवला. "ताई, मी असं नीट बोलले तर तुमचे सर मला काढणार नाहीत ना? तुम्हालाही बोलणी बसणार नाहीत."

पेईनं यंत्र बंद केलं. मी उगाचच पेन्सिलीला टोक काढत बसले.

"ऐक," पेई म्हणाली. "असं नीट बोलणारी आठ मुलं आहेत माझ्याकडे. आठही ध्वनिमुद्रणं सारखीच. तुला मी काढत नाही. सरांशी माझं मी बघते. पण सरांचं एक म्हणणं खरं आहे. तू मिसेस गिब्जचं लग्न घरच्यांनी लावलं म्हणालीस. ते कुठे लिहिलंय? बोट ठेव."

शियाओहेनं जुना उतारा घेतला. बोट फिरलं, फिरलं आणि अधांतरी राहिलं.

"खोटं बोलतेय म्हणालीस. त्यावर बोट ठेव."

बोट तडक कोटावर गेलं.

"बघ. आता मिस्टर लायब्ररियन."

"हा काय!"

"लायब्ररियन म्हणजे ग्रंथपाल. आणि पुढचा शब्द बघ, 'ती'."

शियाओहेनं बघितलं. पुन्हा बघितलं. "बाई आहे?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मग मी चार दिवस कोणासाठी हळहळत होते?"

आम्ही तिघीही हसलो. थर्मासमधलं पाणी ओतून घेतलं. मग तिनं बापाचा उतारा पुन्हा सुरू केला, तिच्या पद्धतीनं, दर वाक्यावर बापाला टोमणे मारत. पण आता एक बोट कागदावर होतं. बोट कुठे ठेवायचं ते सापडलं नाही की स्वतःच म्हणायची, "हे माझ्या मनचं," आणि पुढे जायची.

पेई आणखी काही आठवडे राहिली. रोज संध्याकाळी जेवणानंतर दोघींची ही बोटं ठेवायची शिकवणी चालायची. शब्द मात्र शियाओहेला पाठ करावेच लागले. त्याला दुसरा उपाय नाही आणि तिनं त्याबद्दल पुरेशी कुरकुरही केली. पेईच्या प्राध्यापकांनी आधी तिला झापलं. मग म्हणे ध्वनिमुद्रण ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं आणि एक स्वतंत्र प्रकरण लिहायची परवानगी दिली. पेई निघाली त्या दिवशी च्याओ वहिनी बसथांब्यावर वाफवलेल्या पावांची पिशवी घेऊन आल्या आणि बस सुटेपर्यंत तिच्या कपाळावरची बट नीट करत राहिल्या.

जूनच्या परीक्षेत शियाओहेचे वाचनाचे गुण वाढले. फार नाही. निबंधात आणि व्याकरणात ती पूर्वीइतकीच बुडाली, आणि एकूण इंग्रजीत नापासच झाली. तरी च्याओ वहिनींनी गुणपत्रिका दुकानातल्या आरशाच्या चौकटीत खोचली. गिऱ्हाइकांना फक्त वाचनाची ओळ दाखवायच्या. बाकीच्या ओळींवर कंगवा अडकवलेला असायचा.

बारावीच्या सुरुवातीला बोयुआन माझ्याकडे आला. "बाई, मला तान शियाओहेच्या बाकावर बसायचंय."

"का रे?" मी डोळे बारीक केले.

त्याचे कान लाल झाले. "तसं नाही हो बाई! माझे शेवटचे प्रश्न नेहमी चुकतात. माणूस असं का वागला, ते विचारतात ना, ते. ती म्हणते, तू मला शब्द सांग, मी तुला माणसं सांगते."

बसवलं. तेव्हापासून त्या बाकावर रोज भांडण. "लिहिलेलं नाहीये ते!" "पण दिसतंय!" "कुठे दिसतंय? बोट ठेव!" हळूहळू मागचे-पुढचेही त्यात पडू लागले.

डिसेंबरात एका सराव परीक्षेनंतर मी वर्गात उतारा समजावून देत होते. एक म्हातारा बाप मुलाला पत्र लिहितो आणि त्यात फक्त हवापाण्याबद्दल लिहितो. वर्गाचे दोन तट पडले. अर्धे म्हणत, बाप कोरडा आहे. अर्धे म्हणत, प्रेमळ आहे. शियाओहे उभी राहून ओरडत होती, "अरे, 'तिकडे थंडी वाढेल' असं तीनदा लिहिलंय त्यानं! माणूस तीनदा का लिहील?" बोयुआन म्हणत होता, "तीनदा नाही, दोनदा. मोज!" कोणीतरी बाकावर चढलं होतं.

दार उघडून यान सर आत आले. बाकावर चढलेला मुलगा झटकन खाली उतरला.

"काय गोंधळ आहे हा, कोऊबाई? खाली माझ्या खोलीपर्यंत आवाज येतोय."

"सर, बापाचं मुलावर प्रेम आहे की नाही, ते ठरत नाहीये."

यान सरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. त्यांचा मुलगा दक्षिणेत शन्चनला असतो, वर्षातून एकदा येतो. ते मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले, खिशातून चष्मा काढला आणि म्हणाले, "उतारा द्या बघू इकडे."