मागची शिवण

टेलरबाईंनी पोस्टमास्तरांच्या कमरेभोवती टेप फिरवली आणि चष्मा नाकावर चढवून आकडा पाहिला.

"पोट आत ओढू नका. इथे परीक्षा नाहीये."

"मी कुठे ओढतोय?" म्हणत पोस्टमास्तरांनी कोंडलेला श्वास सोडला.

"पस्तीस. आलात तेव्हा बत्तीस होतात."

टेलरबाईंनी आकडा मापांच्या वहीत लिहिला. चार मजल्यांच्या त्या इमारतीत पासष्टीच्या आतलं कोणी राहत नव्हतं. पलंगाशी घंटा होती, जिन्याला दोन्हीकडून कठडा होता आणि जेवणाचा हॉल तळमजल्यावर होता. त्याच हॉलमध्ये, आल्या दिवशी, टेलरबाईंच्या लक्षात आलं होतं की इथे येणारा प्रत्येक जण आपल्या बऱ्या दिवसांतले कपडे घालून येतो. पट्ट्याला नवी भोकं पाडलेली, ब्लाउजला सेफ्टी पिना लावलेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत खिडकीपाशी पायाचं मशीन होतं. आठवड्याभरात दाराशी रांग लागली.

त्यांची एक खोड होती. कपडा कितीही आत घ्यायचा असो, त्या जास्तीचं कापड कापत नसत. आत दुमडून, टाका घालून ठेवत.

"अंग भरलं की सोडवून देईन," प्रत्येकाला सांगत.

"या वयात कसलं अंग भरतंय," म्हणून लोक हसत. डॉक्टर पाठीवर थाप मारून बोलतात, त्यातलाच हा प्रकार असं सगळ्यांना वाटे.

पोस्टमास्तर दाराबाहेर पडले आणि मॅनेजर आत आला. हातात कागद होता.

"मावशी, लेखी तक्रार आहे. खालच्या फौजदारांची. दुपारी डोक्यावर खडखड होते म्हणतात. रविवारी विश्वस्त येणार आहेत, तेच ठरवतील. तोवर मशीन बंद ठेवा. माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या अंगावर जो शर्ट आहे, त्याची कॉलर कोणी उलटवली रे?"

मॅनेजरचा हात गळ्याकडे गेला. पण कागद त्याने टेबलावर ठेवलाच.

दुपारी टेलरबाईंनी मुलाला फोन लावला.

"रविवारी गाडी घेऊन ये. मशीन गेलं तर मीही निघाले."

"आई, विकून टाक ना ते. जन्मभर पाय मारलेस, आता आराम कर. तुझी खोली तशीच आहे इकडे."

आराम म्हणजे काय, हे टेलरबाई चांगलं जाणून होत्या. इथे येण्याआधी आठ महिने त्यांनी मुलाकडे आराम केला होता. सून गुणाची होती, हीच पंचाईत. सुईत दोरासुद्धा ओवू देत नसे. सकाळी सोफ्यावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि संध्याकाळी उठायचं. त्या सोफ्याची त्यांना भीती वाटत होती, अगदी मनापासून.

चार दिवस मशीन झाकून राहिलं. शुक्रवारी लिफ्टमध्ये नेमके फौजदार भेटले. दहा महिन्यांपूर्वी, बायको गेल्यावर, लेकीने त्यांना इथे आणून सोडलं होतं. तेव्हा हा उंचापुरा माणूस खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसत होता. लेकीनेच त्यांच्या तीन पँटी टेलरबाईंकडे आत घ्यायला दिल्या होत्या. आज त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट पँटच्या बाहेर सोडला होता. हा माणूस झोपेतही शर्ट आत खोचत असेल, मग आज बाहेर का, असं एरवी टेलरबाईंच्या मनात आलं असतं. पण राग आला की टेलरचेही डोळे आंधळे होतात. त्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिल्या, आणि फौजदारही.

रविवारी हॉल भरला. टेबलामागे तीन विश्वस्त बसले होते. मधल्या बाई त्यांच्या अध्यक्ष. मुलगा वेळेवर आला होता आणि आईची बॅग पायाशी घेऊन मागच्या खुर्चीवर बसला होता. आधी छापील फॉर्म वाटले गेले. 'येथील राहणीबद्दल आपले मत', आणि खाली तीन चौकोन: उत्तम, चांगले, बरे. फॉर्मची प्रत मुलांना पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून 'उत्तम'वर खूण केली.

अध्यक्षबाईंनी गठ्ठा चाळला आणि बाजूला सारला.

"साठच्या साठ उत्तम? माझ्या घरात चौघं आहेत, त्यांचंही एकमत होत नाही. खरं सांगणारं कोणी आहे का?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"बरं. मशीनच्या तक्रारीचं काय?"

टेलरबाई उभ्या राहिल्या. मापांची वही छातीशी घट्ट धरली होती.

"खरं हवं असेल तर ते यात आहे. पहिलं पान माझं. मुलाकडे राहायला गेले तेव्हा कंबर चौतीस. तिथून निघाले तेव्हा तीस. इथे वर्ष झालं, आज तेहतीस." त्यांनी मागे पाहिलं नाही. "तिथे मला कसलंही कमी नव्हतं. काम तेवढं नव्हतं."

मागच्या खुर्चीवर मुलाने मान खाली घातली.

"माझं वाचा," पोस्टमास्तर उठले.

"बत्तीसची पस्तीस."

"आणि माझं?" दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी हात वर केला. "वाचा, वाचा. आता लाजायचं वय आहे का?"

"दंड नऊचा साडेदहा."

मग एकच गलका झाला. जन्मभर वजन लपवलेल्या बायका आपापले आकडे मोठ्याने विचारू लागल्या आणि प्रत्येक वाढलेल्या इंचाला टाळ्या पडू लागल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला! अध्यक्षबाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

"सगळे चढले नाहीत," टेलरबाई आवाज चढवून म्हणाल्या. "सात जण उतरलेत. त्यांची नावं इथे वाचणार नाही. मॅनेजरला देईन, त्याने त्यांच्या ताटाकडे बघावं. फॉर्मवर त्यांनीही उत्तमच लिहिलंय."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून फौजदार उठले आणि कोणाकडेही न बघता हॉलबाहेर गेले. टाळ्या थांबल्या. मॅनेजर छताकडे बघू लागला. टेलरबाईंनी वही मिटली. सगळं हातचं गेलं, असं त्यांना वाटलं.

पाच मिनिटांनी फौजदार परत आले. हातावर दोन पँटी होत्या, घडी न मोडता आणलेल्या; तिसरी अंगात होती. ते सरळ टेलरबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"लेक म्हणाली होती, तुम्ही कापड कापत नाही."

"नाही कापत."

"मग सोडवून द्या. कमरेत लागतात. दोन आठवडे झाले, हूक लागत नाही."

आता कुठे टेलरबाईंनी त्यांच्या बाहेर सोडलेल्या शर्टाकडे नीट पाहिलं.

"मशीन बंद आहे, साहेब. तुमच्याच अर्जावर."

फौजदारांनी टेबलावरून आपला अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"मी दुपारी झोपतो, चारला उठतो," ते अध्यक्षबाईंना म्हणाले. "चारनंतर चालू दे."

हॉलमध्ये असा काही जल्लोष झाला की स्वयंपाकीण हात पुसत बाहेर आली. गर्दीतून वाट काढत मुलगा आईपाशी आला. डोळे ओले होते.

"आई, बॅग वर नेऊन ठेवू?"

"ठेव. आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

बरोबर चार वाजता टेलरबाईंनी मशीनवरचं कापड काढलं. फौजदार समोरच्या स्टुलावर ताठ बसले होते, जणू पंचनामाच चालला होता. टेलरबाईंनी पहिल्या पँटची मागची शिवण उसवली. आत दुमडलेलं कापड उलगडलं. बाहेरची पँट धुऊन धुऊन विटली होती, आतला रंग दुकानातून आणल्यासारखा गडद होता. फौजदार पुढे वाकून बघत राहिले.

"दोन इंच आहे," टेलरबाई म्हणाल्या. "सगळं सोडू?"

"एकच सोडा."

"आणि दुसरा?"

"तो राहू दे आत," फौजदार म्हणाले. "पुढच्या वर्षी लागेल."

टेलरबाईंनी खडूने खूण केली आणि पायडलवर पाय ठेवला.