दाराकडची कोरी बाजू

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. सुताराने मला चौकट ठोकली, रंगाऱ्याने काळा रंग दिला आणि चार माणसांनी हाशहुश करत विद्यापीठाच्या या खोलीत भिंतीवर चढवले. तेव्हापासून मी विद्वान पुष्कळ पाहिले. माझा जीव मात्र जडला तो राज्यशास्त्राच्या बाईंवर.

मुले त्यांना मागून 'तराजूबाई' म्हणत. त्यांची रीतच तशी होती. प्रश्न कोणताही असो, त्या माझ्या मधोमध उभी रेघ ओढत. आज खिडकीकडच्या भागात एक बाजू इतकी जीव तोडून मांडत, की ती त्यांचीच वाटावी. उद्या दाराकडच्या भागात दुसरी, तितक्याच जिद्दीने. दोन्ही बाजू भरेपर्यंत मला पुसायचे नाही, अशी शिपाईकाकांना ताकीद असे.

"बाई, तुमचं मत काय?" असे कोणी विचारले, की त्या हसत.

"माझं मत मी घरी ठेवून येते. तुम्ही तुमचं तयार करा."

त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर खार खाऊन असत. 'दोन्ही डगरींवर हात ठेवते' म्हणत.

त्या वर्षीचा पहिलाच प्रश्न होता, संप करण्याचा हक्क असावा का? खिडकीकडचा भाग 'असावा'ने भरला. वर्गात नव्याने आलेला एक तोंडाळ, हुशार मुलगा होता, त्याला सगळे 'वकील' म्हणत. त्याच्या वडिलांचा छोटा कारखाना संपातच बुडाला होता. त्याचे दुःख खरे होते, मी नाही म्हणत नाही. पण बाईंची रीत त्याला ठाऊक नव्हती आणि विचारायला कमीपणा वाटला. त्याने माझा फोटो काढला आणि 'बघा, दुसरी बाजू कोरी!' असे लिहून गावभर पाठवला. ज्यांना रीत ठाऊक होती, ते मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी बाई खडू घेऊन आल्या, तर दाराला कुलूप आणि बाहेर घोषणा. संपाची बाजू शिकवली म्हणून मुलांनी चक्क संप केला. हसावे की रडावे, मला कळेना.

मग चौकशी समिती आली. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"दुसरी बाजू कुठाय?"

"दुसऱ्या दिवशी लिहिणार होते. दार बंद होतं."

"म्हणजे लिहिली नाहीत."

झाले. बाईंचे शिकवणे बंद झाले. जाताना त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसले.

आता माझ्यावर पांढरा पडदा सोडतात. नवे सर कोणतीच बाजू घेत नाहीत आणि कोणतीच शिकवतही नाहीत. पडद्यावरचे वाचतात, मुले पेंगतात. तक्रार मात्र एकही नाही.

परवा वकील एकटाच आला. वादविवाद स्पर्धेत त्याला संपाच्या हक्काविरुद्ध बोलायचे होते, म्हणजे त्याचीच बाजू. त्याने पडदा वर सरकवला, मधोमध रेघ ओढली आणि दाराकडे लिहिले, 'माझ्या बाबांचा कारखाना'. पुढे त्याचा हात चालेना.

"इथे बाई काय लिहिणार होत्या?" तो मलाच विचारत होता.

मला तरी कुठे माहीत?

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा किंवा पुसू नका, माझे काय राहिले आहे! पण कुठे अर्धा भरलेला फळा दिसला, तर एवढे करा. दुसऱ्या दिवशी तासाला या.