सावलीतली माती

"बाबा, तुमी उपटता कं मी उपटू?" प्रणयने बांधावरूनच विचारले.

दत्तात्रेयांचा हात वालाच्या रोपापाशी जाऊन थबकला. गेल्या वर्षी उधाणाने खाडीचा बांध फोडला, खारे पाणी शेतात साचून राहिले, आणि तेव्हापासून एकच भय त्यांच्या मनात दबा धरून बसले होते : जमीन मेली. पुढच्या पावसाने मीठ धुतले खरे, तरी भात खुरटाच राहिला. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणाऱ्या प्रणयला ही जागा कंटेनर ठेवणाऱ्यांना विकायची होती. अखेर बापलेकांत ठरले होते, की वालाच्या मुळांवरच्या गाठी आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे त्यांतले, मातीला कस देणारे जिवाणू जिवंत असले, तर शेत राहील. नाही तर त्यावर मुरमाचा भराव पडेल.

त्यांनी रोप उपटले. मोहरीएवढी गाठ नखाने फोडली. आत राखाडी. दुसऱ्या रोपाची तशीच. तिसऱ्याचीही राखाडीच.

"बियान्याला जिवानू लावलेलं ना?" प्रणयने विचारले.

"लावलेलं." दत्तात्रेय म्हणाले.

जिवाणूंचे संवर्धक चोळलेले बी सावलीतच सुकवा, असे कृषी सहायक प्रांजलीने बजावले होते. परंतु पेरणीआधी वालाला ऊन दाखवण्याची घरची रीत हातांनी आपसूक पाळली. बियाण्यावरचे जिवाणू त्या उन्हात गेले असणार. पण पिढ्यान्पिढ्या मातीत नांदणारे? तेही गेले असतील, तर मग उरले काय?

"आवं, हिकरं या!"

वरच्या कोपऱ्यातून ठमाबाईने नवऱ्याला हाक मारली. तिथे पेंढ्याच्या उडवीशेजारी सांडलेला वाल आपोआप उगवला होता. तिने नख पुढे केले. त्यावर ओलसर गुलाबी डाग होता.

"या कोपऱ्यान पानी चढलाच न्हवता," प्रणय म्हणाला. "याचा काय उपेग?"

"विरजान," म्हणत ती मुळांभोवतीची माती घमेल्यात ओढू लागली. "माजी सासू नव्या शेतान वाल पेराच्या आधी जुन्या शेताची माती टाकाची. इसरलाव कं तुमी?"

"आन परत उधान आला तं?" प्रणयने विचारले.

ठमाबाई माती ओढतच राहिली. बांधापलीकडे खाडी भरत होती. प्रणयच्या खिशातला फोन वाजला. दलालाचे नाव पाहून त्याने तो बंद केला.

"पुढच्या वालापर्यंत, बाबा. मंग मी ऐकाचा न्हाय."

दत्तात्रेयांनी मान हलवली आणि घमेले उचलले. ऊन डोक्यावर आले होते. चार पावले जाऊन ते थांबले. डोक्यावरचा पंचा सोडून त्यांनी मातीवर पसरला, कडा नीट खोचल्या, आणि उघड्या डोक्याने, घमेले छातीशी धरून, ते बांधावरून शेताकडे निघाले.