घरी कुरकुर बंद

"सिस्टर, एक सांगू? रागावू नका," वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला न्हावी म्हणाला. "मास्तर दोन महिने माझ्या दुकानात नुसते येऊन बसायचे. छाती भरून येते, डावा हात जड होतो, असं म्हणायचे. मी म्हटलं, घरात नर्स असताना मला काय सांगता? तर म्हणाले, घरी कुरकुर बंद आहे."

मास्तर म्हणजे सिस्टरचा नवरा.

दवाखान्यात येईल त्याला 'कुठे दुखतंय' विचारण्यात तिची तीस वर्षं गेली होती. घरी मात्र नवऱ्याचं रडगाणं ऐकायला तिचे कान तयार नसत. शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला, तरी या टेलरमास्तरांची मान धरायची. मग दवाखान्यात एक व्याख्यान झालं. हसतमुख माणसं जास्त जगतात, म्हातारपणीही हिंडतीफिरती राहतात, असं त्यात सांगितलं होतं. मास्तरांनी शंभरी गाठावी असं तिला मनापासून वाटे. त्याच संध्याकाळी तिने फर्मान काढलं, या घरात दुखण्याचं नाव काढायचं नाही. मास्तरांनीही मुकाट्याने ऐकलं. कसं वाटतंय विचारलं की 'झकास' म्हणू लागले. माणूस कसा बदलला बघा, म्हणून ती शेजारणींपुढे मिरवत होती.

व्याख्यान खोटं नसेलही. पण आनंदात असणं आणि गप्प बसणं यातला फरक नर्सला तरी कळायला हवा होता. तिला स्वतःची लाज वाटली.

ती आत गेली. झटका येऊन तीन दिवस झाले होते. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कसं वाटतंय?"

"झकास."

"खरं सांगा. मी काही बोलणार नाही."

"अगं, खरंच." चादरीची कड मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

ती स्टूल ओढून बसली.

"माझेच गुडघे गेलेत," ती म्हणाली. "जिना चढताना डोळ्यांत पाणी येतं."

मास्तरांनी मान वळवली. "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मग मला सांगायचं नाही का?" ते काळजीने म्हणाले. त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.