कार्डाच्या दोन्ही बाजू

सावेडीतल्या त्या ऑफिसात छबूबाईला चौथ्या खेपेलाही कुणी बस म्हटलं नाही. मग तिनेच खुर्ची ओढली आणि पिशवी शौनकच्या टेबलावर आपटली. याच माणसाला आपण मान तुकवून 'साहेब' म्हणत होतो, याचा तिला आज भयंकर राग येत होता.

शौनकचं साड्यांचं दुकान नुसतं ऑनलाइन. छबूबाईच्या सोनई गावातल्या बायकांना वेबसाइटवर कार्डाचे आकडे भरणं जमत नाही हे हेरून त्याने सोय काढली होती: कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बाकीचं आम्ही बघतो. वर 'मावशी, निर्धास्त राहा' होतंच. छबूबाईने दिवाळीत फोटो पाठवला, साडी आली, ती विसरूनही गेली. मग बचत गटाच्या बारा जणींनी वर्धापनदिनाच्या एकसारख्या साड्यांसाठी तिच्या खात्यात पैसे भरले, आणि त्याच आठवड्यात दुकानाचा फोन कुणीतरी हॅक केला. परदेशातल्या कुठल्याशा साइटवर, जिथे ओटीपीही लागत नाही, तिचं खातं साफ झालं.

ती दुसऱ्याच दिवशी बँकेत धावली. बँकवाला म्हणाला, फोटो तुम्हीच दिलात, चूक तुमची. दुकानाने मागितला होता असं लेखी आणा. दाखवायला मेसेज कुठे होते? आठवड्यात आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था या शहाण्याने आधीच करून ठेवलेली; कार्डांचे फोटो मात्र फोनमध्ये साठवून ठेवलेले. वकीलही म्हणाला, ग्राहक आयोगात केस उभी राहील, पण पुरावा हवा. आणि गटाच्या बैठकीत बायडाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "छबूनंच खाल्लं आसंल." वीस वर्षांची मैत्रीण! पैसे गेले त्यापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं होतं.

"मावशी, रोज रोज तमाशा नको," शौनक म्हणाला. "दहा हजार देतो. या कागदावर सही करा आणि विषय संपवा."

"गेलं अठ्ठेचाळीस, आन दहा देता व्हय? भीक घालता का?"

"तेवढेही माणुसकी म्हणून. नाहीतर कोर्टात जा. चपला झिजतील तुमच्या."

छबूबाईने स्टँपपेपर ओढला. सातवीपर्यंत शिकलेली बाई ती, बोट ठेवून सावकाश वाचू लागली. मजकूर पाठपोट होता. वकिलाची फी वाचवायला शौनकने तो स्वतःच लिहिला होता: 'आमच्या मागणीवरून ग्राहकाने पाठवलेले कार्डाचे फोटो आमच्या फोनमधून बाहेर गेल्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी...' पुढे, ग्राहक कुठेही तक्रार करणार नाही, वगैरे. तिचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"तुमी आदी करा सही," ती म्हणाली. "आमच्या गटात आदी अध्यक्षाची सही आन शिक्का, मग बाकीच्यांची. शिक्का न्हाई तर ठराव न्हाई."

शौनक हसला. खेडवळ बाईचा हट्ट, पुरवला की सुटलो, असंच त्याला वाटलं असणार. त्याने ऐटीत सही ठोकली आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या मनवाला शिक्का आणायला सांगितलं. मनवाने कागदावर एक नजर टाकली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिक्का उमटला.

छबूबाईने मोबाईल काढला. पुढच्या बाजूचा फोटो घेतला, कागद उलटून मागचाही घेतला आणि दोन्ही फोटो बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मग कागदाच्या चार घड्या करून तो चोळीत खोचला.

"अहो, तुमची सही?"

"माजी कशाला? फोटू तुमीच मागितला हे तुमच्याच सहीनं हाय की. आता बँकेत जाते, मग आयोगात."

"कागद द्या इकडे!" शौनक ओरडत उठला. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला आणि तिथेच थबकला. हात घालणार कुठे? तो मनवाकडे बघू लागला. मनवा खाली बघत होती.

"निर्धास्त ऱ्हावा, सायेब," छबूबाई म्हणाली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बायडाबाईचा व्हॉइस मेसेज होता. छबूबाईने तो तिथेच, मोठ्याने लावला. "छबू, आयोगात कदी जायाचं? मी बी येते तुज्यासंगं."

तीन आठवडे छबूबाईच्या छातीवर ठेवलेला दगड उतरला. तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि जिना उतरली. उत्तर मात्र पाठवलं नाही. बायडाबाईला ती इतक्यात माफ करणार नव्हती.